शनिवारची म्हस

प्राथमिक शाळेत ग्रंथपाल नावाचं पद नसतं. असतं ते एक कपाट, त्याला एक कुलूप आणि त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी एक बाई. मुख्याध्यापक एक दिवस सहज म्हणतात, "बाई, ग्रंथालयाचा चार्ज तुमच्याकडं घ्या," आणि त्या क्षणापासून एखादं पुस्तक हरवलं, फाटलं किंवा उंदरानं कुरतडलं, तर ते तुमच्या माथी. त्यामुळं चार्ज मिळालेली कुठलीही शहाणी बाई आधी कुलूप घट्ट लागतंय का ते बघते. वर्षातून एकदा कपाट उघडून पुस्तकांवरची धूळ झटकते आणि पुन्हा बंद करते. अशी कपाटं मी पुष्कळ पाहिली आहेत. आतली पुस्तकं अगदी नवीकोरी असतात, कारण ती कुणी वाचलेलीच नसतात.

मी तेवढी शहाणी नव्हते. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात बंद कपाट दिसलं की माझं डोकं फिरतं. कोल्हापुरातल्या त्या शाळेत चार्ज आला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत मोडकी बाकं भरलेली होती. ती मी भांडून रिकामी करून घेतली, घरून सतरंज्या नेल्या आणि पुस्तकं मुलांच्या हाताला येतील अशी खालच्या फळ्यांवर लावली. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकदा वाचनाचा तास. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी तिसरीचा तास. मी निवृत्त झाले त्याला आता फार दिवस झालेले नाहीत, पण अजूनही शनिवारी सकाळी पाय आपोआप चपला शोधतात.

वाचनाचा तास म्हणजे काय, असं लोक विचारतात. त्यांना वाटतं, मुलं पुस्तक घेऊन गप्प बसतात आणि बाई खुर्चीत बसून स्वेटर विणतात. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं, स्वेटर सोडून. 'शांतता राखा' अशी पाटीसुद्धा मी रंगवून घेतली होती. पण आमचं कोल्हापूर. इथं दोन माणसं एका बाकावर बसून बोलतात तेव्हासुद्धा पलीकडच्या गल्लीला कळतं. मुलांना मनातल्या मनात वाचा म्हटलं की आधी ओठ हलायचे, मग पुटपुट सुरू व्हायची आणि थोड्या वेळात पिठाच्या गिरणीत उभं असल्यासारखं वाटायचं. एकदा मी एका मुलाला म्हटलं, "अरे, मनात वाच की." तो म्हणाला, "बाई, मनातच वाचतोय, पर ऐकू यायला पायजे न्हवं?"

मला ते पटलं. मी पाटी उलटी करून टांगली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खडूनं 'आज पाटावर कोण?' असं लिहायला लागले. घरातला एक लाकडी पाट नेऊन सतरंजीवर ठेवला. जो पाटावर बसेल त्यानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये कुणी चूक काढायची नाही, मीसुद्धा नाही. अडलं तर वाचणाऱ्यानं "पुढं?" असं विचारायचं, ज्याला येईल त्यानं हळूच सांगायचं. हळूच म्हणजे आमच्या हिशेबानं हळूच.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. एक मुलगी आधी शेवटचं पान वाचायची, आणि शेवट वाईट असला तर पुस्तक परत ठेवून मला दम द्यायची, "असली पुस्तकं कशाला आणता, बाई?" एक मुलगा पुस्तक निवडताना ते नाकाला लावायचा. खळीचा वास आला तर घ्यायचा. खळ म्हणजे कणीक शिजवून केलेली चिकट पेज, फाटकी पुस्तकं मी तीच लावून चिकटवायची. म्हणजे त्याच्या नाकाला बरोबर कळायचं की जास्त वाचलेलं, म्हणजे चांगलं पुस्तक कुठलं. निवडायची याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही.

आणि आमचे चौगुले अण्णा. एका मुलीचे आजोबा, शाहूपुरीत कागदाचं दुकान. माणूस टापटिपीचा. एकदा ग्रंथालय बघून गेले आणि म्हणाले, "बाई, पुस्तकं उघडी पडलीत की. मे महिन्यात माझ्याकडं द्या, कव्हरं घालून देतो." मला आनंदच झाला. जूनमध्ये पुस्तकं परत आली. सगळीच्या सगळी, एका मापाच्या घड्या घातलेल्या एकाच खाकी कागदात. दुकानाच्या वह्यांना घालतात तशी कव्हरं. वर नाव नाही, चित्र नाही, काही नाही. वाघाचं पुस्तक कुठलं आणि ग्रहताऱ्यांचं कुठलं, देवालाच ठाऊक. अण्णा एवढ्या कौतुकानं बघत उभे होते की मी म्हटलं, "फार सुरेख झालंय, अण्णा." मग काय, त्या वर्षी आम्ही मुलांनाच कामाला लावलं. ज्यानं जे पुस्तक वाचलं त्यानं त्याच्या कव्हरवर आपल्या मनानं चित्र काढायचं. अण्णा पुढच्या वेळी आले तेव्हा आपल्या कोऱ्या कव्हरांवरची रंगपंचमी बघून थोडे हिरमुसले. मग नातीनं काढलेला उंट दिसला आणि खुलले.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट सईची आणि चंद्रीची.

तिसरीच्या त्या वर्गात दोन मुलं माझ्या डोक्याला ताप होती. एक शौर्य. वर्गातला सगळ्यांत आडवातिडवा मुलगा, घरात काका-चुलते सगळे तालमीतले. त्याचं बूड म्हणून जमिनीला टेकायचं नाही. गोष्ट चालू असताना तो खिडकीत, मग दाराशी, मग कपाटाच्या मागं. आवाज असा की पाटावर बसून वाचायला लागला की खालच्या मजल्यावरच्या पहिलीच्या बाई वर बघायच्या.

दुसरी सई. ही त्याच्या नेमकी उलट. गवळ्याची मुलगी, दोन घट्ट वेण्या, अंगाला नेहमी ओल्या गवताचा वास. सतरंजीच्या कडेला बसायची आणि डोळे विस्फारून ऐकायची. पाटावर तिची पाळी आली की मात्र पुस्तक उघडून गप्प. ओठ हलायचे, पण आवाज येत नसे. मी वाट बघायची, मुलं वाट बघायची, शौर्यसुद्धा क्षणभर थांबायचा. मग मी म्हणायची, "बरं बाळ, पुढच्या शनिवारी." पुढच्या शनिवारी तेच.

मी दर आठवड्याला एक गृहपाठ द्यायची. पुस्तक घरी न्यायचं, कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि शनिवारी येऊन सांगायचं, कुणाला वाचून दाखवलं. कुणी आजीला, कुणी रिक्षात बसून बाबांना, कुणी दारातल्या भाजीवाल्या मावशींना. सई एवढंच बोलायची, तेही जेमतेम ऐकू येईल असं. "चंद्रीला." मी समजले, आत्या असेल. आणि खरं सांगायचं तर मनातून मला वाटायचं, पोर खोटं बोलत नसेल ना? अस्वलाचं एक पुस्तक तिनं तीनदा परत करून पुन्हा तेच नेलं होतं. एक अस्वल थंडीत जंगलातल्या जनावरांना गोधड्या शिवून देतं, अशी ती गोष्ट. चित्रं छान होती. म्हटलं, चित्रंच बघत असेल.

त्यात वरून फर्मान आलं की ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांची वेगळी तयारी करून घ्या. आमचे मुख्याध्यापक भोसले सर मूळचे शाहूवाडीकडचे, माणूस सरळ. त्यांनी वर्गावर्गात जाऊन मुलांकडून वाचून घेतलं. सईसमोर पुस्तक धरलं, सई गप्प. सरांनी मला बोलावलं. "बाई, दिवाळीनंतर ही मुलं शनिवारी व्हरांड्यात बसतील, मुळाक्षरांपासून सुरुवात करू. तुमच्या वाचनाच्या तासालाच करावं लागेल, दुसरा वेळ कुठाय?"

माझं टाळकं सरकलं. "सर, ज्याला पोहता येत नाही त्यालाच नदीवर न्यायचं नाही, हा कुठला न्याय?"

"तिला वाचता येतंय असं तुम्ही म्हणताय का?"

ते मलाच माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांबा." सर बरं म्हणाले. वर्गात बाकांवर ती जशी बसायची आणि गोष्टीला जशी बसायची, त्यातला फरक मी कधीपासून बघत होते. तो तासही गेला तर त्या पोरीला शाळेत राहिलं काय? पण उपाय सुचत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीआधी ग्रंथालयाची सगळी पुस्तकं जमा करून घ्यायची, मोजायची आणि कपाटाला कुलूप घालायचं, असा आमच्याकडं नियम. सुट्टीत पुस्तक बाहेर ठेवायचं नाही. शनिवारी मी पुस्तकं गोळा केली. सईनं अस्वलाचं पुस्तक दिलं, पण देताना हात लगेच सोडला नाही. मी ते ओढूनच घेतलं.

सोमवारी सकाळी शाळा भरते न भरते तोच जिन्यावरून एक बाई तरातरा वर आल्या. पदर खोचलेला, हातात चेपलेली चरवी, मागं सई.

"ग्रंथालयाच्या बाई तुमीच न्हवं? ते अस्वलाचं पुस्तक द्या. म्हस दूध देईना झालीया."

मी आधी चरवीकडं बघितलं, मग सईकडं. "तुम्ही सईच्या आई का? जरा बसा, नीट सांगा."

"बसायला टाइम न्हाय, गिऱ्हाईक बोंबलतंय. आवो, श्रावणात चंद्रीचं रेडकू मेलं. तवापासनं म्हस पान्हा चोरायला लागली. कासंला हात लावू देईना. पेंड घातली, अंग चोळलं, मालकांनी तर हात जोडलं तिच्यापुढं. ही पोरगी एक दिवस तिच्याशेजारी बसून तुमचं पुस्तक वाचत हुती. म्हशीनं कान हलवलं आन् सोडलं की दूध. तवापासनं सकाळ-संध्याकाळ ही वाचणार, मग म्हस पान्हवणार, मग मी धार काढणार. आता शनिवारपासनं पुस्तक न्हाय."

"दुसरं काही वाचून बघितलं नाही?"

"शाळंचं पुस्तक वाचून बघितलं की. हे बघा." त्यांनी चरवीचा पोचा माझ्यापुढं धरला. "लाथ मारली."

मी म्हशीला दोष देणार नाही. सईनं मग दाखवला तो धडा स्वच्छतेवर होता, आणि त्याच्याखाली एका वाक्यात उत्तरे लिहा असं होतं. माणूस तो धडा वाचताना ज्या आवाजात वाचतो त्या आवाजात वाचून कुणी माझ्याकडं दूध मागितलं असतं तर मीही लाथ मारली असती. गोष्ट वाचताना आवाज वेगळा लागतो. पुढं काय होणार हे वाचणाऱ्यालाच जाणून घ्यायचं असतं, ते ऐकणाऱ्याला कळतं. एवढी वर्षं मी हे शिक्षकांच्या बैठकांमध्ये सांगत आले, पण चंद्रीनं ते एका लाथेत सांगितलं.

आमच्या आवाजानं भोसले सर वर आले. त्यांना सगळं सांगितलं. सर सईकडं वळून मायेनं म्हणाले, "वाचतेस होय ग? मग मला दाखव बघू वाचून."

सईनं मान खाली घातली.

"तुमच्याम्होरं न्हाय वाचायची ती, सर," आई म्हणाल्या. "माणसं बघितली की तिची वाचा जाती. मी म्हस आणू का हितं?"

सरांनी जिन्याकडं बघितलं. त्यांनी खरंच क्षणभर विचार केला, हे मी शपथेवर सांगते. मग म्हणाले, "नको, जिना चढायची नाही ती."

"मग तुमीच या की, पावणं. सांजच्याला कट्ट्यावर."

आमच्याकडं संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. तालमीतली पोरं, दुकानदार, दवाखान्यातून सुटलेली माणसं, सगळे तिथं उभ्यानं दूध पितात. मी पुस्तक नियम मोडून सईच्या हातात ठेवलं, सरांच्या देखत. सर दुसरीकडं बघायला लागले. सरकारी माणसानं संमती द्यायची ती अशी.

संध्याकाळी आम्ही दोघं कट्ट्यावर गेलो. सईला दिसू नये म्हणून मी गिऱ्हाइकांच्या मागं थांबले, सर दुसऱ्या एका म्हशीच्या आड उभे राहिले आणि संशय नको म्हणून ग्लास हातात घेतला. चंद्री काळीभोर, शिंगं मागं वळलेली, नजर अगदी हेडमास्तरीणबाईंची. सई तिच्या उजव्या कुशीला खेटून स्टुलावर बसली. पुस्तक मांडीवर उघडलं. डावा हात म्हशीच्या अंगावर ठेवला. आणि वाचायला लागली.

मी आयुष्यात पुष्कळ मुलांना वाचताना ऐकलंय. पण असं वाचन क्वचितच ऐकलं. अस्वलाचा आवाज घोगरा, सशाचा चिरका, आणि मध्येच थांबून चंद्रीकडं बघणं, कळलं का, अशा नजरेनं. अडलं की स्वतःलाच "पुढं?" विचारायची आणि अक्षरं जुळवून पुढं जायची. माझ्याच तासातली पद्धत. चंद्रीनं डोळे अर्धे मिटले, कान सैल सोडले, आणि सईच्या आईच्या हातातल्या चरवीत धार वाजायला लागली. मी सरांकडं बघितलं तर मिशीला फेस आणि मान पुढं काढलेली.

चरवी भरली. आई उठल्या. सईनं पटकन पुस्तक मिटलं, काम झालं होतं. गोष्ट अर्ध्यावरच. कोल्ह्यानं गोधडी चोरली होती आणि अस्वल त्याच्या मागावर निघालं होतं.

"आँ?" सर म्हशीआडून म्हणाले. "मग पुढं कोल्हा घावला का न्हाई?"

सरांच्या तोंडून शाहूवाडी बाहेर पडली ती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. सई दचकली आणि आईच्या मागं लपली.

परत येताना सर म्हणाले, "पोरीला वाचता येतंय, मी मान्य करतो. पण बाई, कागदावर मी काय लिहू? गोठ्यात वाचते? तिला माणसांपुढं वाचावं लागणारच आयुष्यात. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी तुमच्या तासाला येतो. पाटावर बसून एक पान वाचू दे. वाचलं तर ती तुमची, नाही वाचलं तर व्हरांड्यात." त्यांचंही चुकत नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला.

पाडव्याला आमच्या गावात म्हशी सजवून फिरवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं आणि कवड्या, डोक्यावर मोरपिसं. मोटारसायकलवर बसून तिचा मोठा आवाज काढत मालक पुढं आणि त्याच्या मागं म्हस धावत, आणि कुणाची म्हस आवाजाला किती धरून आहे यावर कट्ट्याकट्ट्यांत इरेला पेटतात. मी मुद्दाम बघायला गेले. धुराळा, हॉर्न, आरडाओरडा. त्यात चंद्री आली, पिवळ्या शिंगांची. तिच्यापुढं मोटारसायकल नव्हती. नवा फ्रॉक घातलेली सई उलटी चालत होती आणि चंद्रीशी काहीतरी बोलत होती. काखेत खाकी कव्हरचं माझं पुस्तक. म्हस एवढ्या गोंधळात तिच्या मागून अशी येत होती जणू रस्त्यात दुसरं कुणी नव्हतंच. लोक कौतुकानं शिट्ट्या मारत होते. ही पोर माणसांना घाबरत नाही, मला वाटलं, फक्त तिला हाताखाली काहीतरी लागतं. पण ग्रंथालयात म्हस कुठून आणू?

दिवाळीनंतरचा शनिवार आला. सर वेळेवर आले आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. मी त्यांना सतरंजीवर बसा म्हणून सुचवून बघितलं, पण गुडघ्यांचं कारण निघालं. पाटीवर मी 'आज पाटावर कोण? सई' असं लिहिलं होतं, आणि लिहिताना माझाच खडू मोडला.

सई पाटावर बसली. पुस्तक उघडलं. अस्वलाचंच. ओठ हलले. आवाज नाही.

वर्गाला सगळं माहीत होतं. मुलांना सगळं माहीत असतं. कुणी हसलं नाही. खोलीत इतकी शांतता झाली की ती उलटी टांगलेली पाटी धन्य झाली असेल. सईनं एकदा सरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तिचा डावा हात पाटाच्या बाजूला हवेतच थोडा उचलला गेला आणि पुन्हा मांडीवर आला. पुन्हा उचलला. मला रडूच यायला लागलं होतं, आणि रडू आलं की मी रागावते, म्हणून मी कपाटाकडं तोंड फिरवलं.

मागून धप्प असा आवाज आला. वळून बघितलं तर शौर्य. खिडकीतून उडी मारून तो सतरंजी तुडवत पुढं आला होता आणि पाटाच्या डाव्या बाजूला गुडघे आणि हात टेकून ओणवा झाला होता.

"वाच," तो म्हणाला. "मी म्हस हाय."

वर्ग फिसकन हसला. सर खुर्चीतून अर्धे उठले. मी त्यांना हातानं खूण केली, बसा म्हणून. अशा खुणा मुख्याध्यापकांना करायच्या नसतात, पण ते बसले.

सईसुद्धा हसली. मग तिनं शौर्यच्या त्या रुंद पाठीवर डावा हात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि तिचा आवाज आला. आधी बारीक, मग अस्वलाचा घोगरा, मग सशाचा चिरका. पान उलटलं. एक पान वाचायचं ठरलं होतं, ती थांबलीच नाही. कोल्हा गोधडी घेऊन पळाला, अस्वल मागं लागलं, कोल्ह्याच्या बिळाशी पोचलं तर आत त्याची थंडीनं कुडकुडणारी पिल्लं. अस्वलानं गोधडी परत घेतली नाही, उलट बाहेर बसून दुसरी शिवायला घेतली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "असं झालं होय? मी सुट्टीभर विचार करत होतो." आणि त्यांनी खिशातली व्हरांड्यातल्या मुलांची यादी काढून सईच्या नावावर तिथंच काट मारली.

पण मी बघत होते शौर्यकडं. ज्याचं बूड कधी जमिनीला टेकलं नाही, तो पोरगा गोष्ट संपेपर्यंत गुडघ्यांवर तसाच होता. हलला नाही, बोलला नाही. गुडघ्यांवर सतरंजीची नक्षी उठली होती. तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच, म्हणजे त्याच्या हिशेबानं हळूच, म्हणाला, "बाई, फुडच्या शनिवारी बी म्हस मीच व्हणार. दुसऱ्या कुणाला सांगू नगा."

दुसऱ्यांना सांगायची गरजच पडली नाही. पुढच्या शनिवारी म्हस व्हायला रांग लागली. मग ती पद्धतच पडली. पाटीवर 'पाटावर कोण?' याच्याखाली मी 'म्हस कोण?' असंही लिहायला लागले. वाचणाऱ्याला भीती वाटत असेल तर त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवायचा, म्हशीनं हलायचं नाही आणि मन लावून ऐकायचं. घाबरणारी मुलं वाचायला लागली हे खरंच, पण माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट दुसरी. वाचायला येणं सगळे शिकवतात, ऐकायला येणं कुणी शिकवत नाही. ते आम्ही एका म्हशीकडून शिकलो. आणि सुट्टीत पुस्तकं जमा करायचा नियमही त्या वर्षीपासून मोडला तो मोडलाच. पुस्तकं मागतील त्यांना देत गेले. एकदोन हरवली. माझ्या माथी आली. येऊ देत.

नोकरीतल्या माझ्या शेवटच्या शनिवारी सरांनी निरोपाचा कार्यक्रम घ्यायचा म्हटलं. मी सांगितलं, हार नको, नारळ नको, भाषणं तर अजिबात नकोत, मला माझा तास द्या. सई आणि शौर्य तेव्हा चौथीत होते, त्यांनाही बोलावून घेतलं. चौगुले अण्णाही आले आणि येताना नव्या पुस्तकांना कव्हरं घालून घेऊन आले. या वेळी पारदर्शक. मी पाटीवर लिहिलं, 'पाटावर कोण? सई.' खाली लिहिलं, 'म्हस कोण?' मुलांनी हात वर केले. मी खडू ठेवला, पदर खोचला आणि गुडघे सांभाळत पाटाच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. ओणवं होणं काही जमलं नाही, पण पाठ तिच्या हाताखाली येईल अशी बसले.

सईचा हात पाठीवर आला. तिनं दोनदा थोपटलं आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, ठणठणीत, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं. मी हलले नाही. फक्त डोळ्यांचं माझ्या हातात नव्हतं.

मागून शौर्यचा आवाज आला. "बाई, म्हस रडत नसती."